मोजलेले, मापलेले आणि वाटलेले : हॅस्केल भाषेतील संख्यांचे प्रकार



गणिताच्या तासाला फळ्यावर ५ लिहिले की ते पाच कोणत्या प्रकारचे, असे कोणी विचारत नाही. घरी मात्र आपण नकळत हा विचार करतच असतो. "साडेतीन लिटर दूध आण" असे आई सांगते, पण "वर्गात साडेतीन मुले आली होती" असे कोणी म्हणत नाही. मुले मोजायची असतात, दूध मापायचे असते, आणि पोळीचे चार भाग करून वाटायचे असतात. तिन्ही ठिकाणी संख्याच असते, पण तिच्याशी आपण जे करतो ते वेगळे असते.

ज्यांनी पायथन किंवा सी भाषेचे पहिले धडे घेतले आहेत आणि आता फंक्शनल पद्धतीची एखादी भाषा शिकून पाहावी असे ज्यांना वाटते, त्यांच्यासाठी हा पाठ आहे. आम्ही त्यासाठी हॅस्केल ही भाषा निवडली आहे. या भाषेत नवा विद्यार्थी पहिल्या आठवड्यात जिथे अडखळतो, ती जागा बहुधा संख्यांच्या प्रकारांची असते. तिथे यंत्र वारंवार "नाही" म्हणते आणि मुले कंटाळतात. ते "नाही" म्हणजे खरे तर एक प्रश्न असतो, हे आज समजून घेऊ.

एक सूचना आधीच देतो. येथे सर्व नावे आम्ही देवनागरीत लिहिली आहेत, संगणकावर ती रोमन लिपीत लिहावी लागतात. प्रकारांच्या नावाचे पहिले अक्षर नेहमी मोठे असते, फंक्शनच्या नावाचे लहान.

१. भाषेची थोडी ओळख

हॅस्केल ही कोणा एका कंपनीची भाषा नाही. १९८७ साली अमेरिकेतील पोर्टलंड येथे एका परिषदेला जमलेल्या संशोधकांनी ठरवले की, प्रत्येकाने आपली निराळी फंक्शनल भाषा चालवण्यापेक्षा सर्वांची मिळून एक भाषा करावी. तिचा पहिला अहवाल १९९० साली निघाला. तर्कशास्त्रज्ञ हॅस्केल करी (१९०० ते १९८२) यांचे नाव तिला देण्यात आले. तिचे सर्वांत अधिक वापरले जाणारे साधन जीएचसी हे असून ते मोफत मिळते. त्यातील जीएचसीआय या खिडकीत एक ओळ लिहून एन्टर दाबले की उत्तर लगेच दिसते. आजचे सर्व प्रयोग तिथेच करायचे आहेत.

फंक्शनल पद्धतीत प्रोग्राम म्हणजे फंक्शनांची साखळी असते. फंक्शन हे पिठाच्या गिरणीसारखे समजा. गहू घातले की गव्हाचेच पीठ येणार, काल घातले काय किंवा आज घातले काय. एका फंक्शनमधून निघालेली वस्तू पुढच्या फंक्शनमध्ये जाते. म्हणून जिथे दोन फंक्शने जोडली जातात तिथे वस्तूचा प्रकार जुळलाच पाहिजे.

आपल्याकडे रतलाम-महू-खंडवा हा रेल्वेमार्ग कित्येक पिढ्यांनी मीटरगेज म्हणूनच पाहिला. जिथे मीटरगेज संपून ब्रॉडगेज सुरू होई, तिथे माल उतरवून दुसऱ्या डब्यात भरावा लागे. एकाच डब्यातून तो पुढे जाऊ शकत नसे. हॅस्केलमध्ये संख्येचा प्रकार म्हणजे असाच गेज आहे. बदलायचा असेल तर बदला, पण सांगून बदला, असे भाषेचे म्हणणे आहे.

२. चार मुख्य प्रकार

सुरुवातीला चार प्रकार पुरेसे आहेत.

इंट : मोजण्यासाठी. जलद, पण मर्यादित.
इंटीजर : मोजण्यासाठीच. कितीही मोठी संख्या चालते.
डबल : मापण्यासाठी. दशांश चिन्ह असलेली, जवळपासची किंमत.
रॅशनल : वाटण्यासाठी. अंश आणि छेद असलेली, तंतोतंत किंमत.

आम्ही हिंदी माध्यमातून शिकलो, त्यामुळे शब्दांबद्दल थोडे सांगावेसे वाटते. पूर्णांक आणि परिमेय हे शब्द हिंदीत व मराठीत सारखेच आहेत. मात्र हिंदीत ज्याला 'भिन्न' म्हणतात त्याला मराठीत 'अपूर्णांक' म्हणतात, म्हणजे जो पूर्णांक नाही तो. मराठी शब्दाने प्रकार नावातच सांगून टाकला. हिंदी गुणपत्रिकेवर 'पूर्णांक' म्हणजे एकूण गुण असतात, तो अर्थ येथे घेऊ नये. इंट व इंटीजर हे गणितातले पूर्णांक, आणि रॅशनल म्हणजे परिमेय संख्या.

३. बुद्धिबळाच्या पटावरचा शेवटचा दाणा

पटाच्या पहिल्या घरात गव्हाचा एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, अशी दुप्पट करत जाण्याची गोष्ट तुम्हांला ठाऊक आहे. चौसष्टाव्या घरात २ चा ६३ वा घात, म्हणजे ९२२३३७२०३६८५४७७५८०८ दाणे येतात.

आता ही संख्या दोन प्रकारे काढून पाहा. '२ ^ ६३ :: इंटीजर' असे लिहिले तर बरोबर उत्तर येते. दोनदा दिलेल्या अपूर्णविरामाचा अर्थ 'याचा प्रकार असा' इतकाच आहे. पण '२ ^ ६३ :: इंट' असे लिहिले तर उत्तर येते उणे ९२२३३७२०३६८५४७७५८०८. दाणे उणे कसे होतील?

कारण असे. आजच्या चौसष्ट बिटांच्या संगणकावर जीएचसीमध्ये इंटची वरची मर्यादा ९२२३३७२०३६८५४७७५८०७ आहे. चौसष्टावे घर बरोबर एका दाण्याने या मर्यादेबाहेर जाते. मापी नऊच्या पुढे शून्यावर यावी तसा इंट वरच्या टोकावरून थेट खालच्या टोकावर येतो, आणि कोणतीही सूचना देत नाही.

मग इंट ठेवलाच कशाला? तो ठरावीक जागेत मावतो आणि त्यावरची आकडेमोड प्रोसेसर थेट करू शकतो, म्हणून. वर्गातील मुले किंवा यादीतील नावे मोजायला तो भरपूर आहे. यादीची लांबी सांगणारे 'लेंग्थ' हे फंक्शनही इंटच देते. संख्या किती वाढेल याचा अंदाज नसेल तिथे मात्र इंटीजर वापरावा. २० चे फॅक्टोरियल इंटमध्ये मावते, २१ चे मावत नाही, एवढे लक्षात ठेवले तरी धोका किती जवळ असतो ते कळते.

४. ५ / २ चालते, मग लेंग्थ / २ का चालत नाही?

नव्या विद्यार्थ्याला सर्वांत जास्त बुचकळ्यात टाकणारा प्रश्न हाच. '५ / २' लिहिले की २.५ मिळते. मग समजा 'नावे' ही पाच नावांची यादी आहे. 'लेंग्थ नावे' लिहिले की ५ मिळतात. परंतु 'लेंग्थ नावे / २' लिहिले की यंत्र नकार देते. पाच म्हणजे पाचच ना?

येथे दोन पाचांत फरक आहे. आपण हाताने लिहिलेला ५ हा कोऱ्या पाटीसारखा असतो. त्याचा प्रकार अजून ठरलेला नसतो, भोवतालची गरज पाहून तो इंट, डबल, रॅशनल काहीही होऊ शकतो. 'लेंग्थ' मधून आलेला ५ मात्र इंटचा शिक्का घेऊनच येतो. शिक्का मारल्यावर तो आपोआप बदलत नाही.

आता भागाकार पाहू. हॅस्केलने संख्यांच्या प्रकारांची कुळे केली आहेत, त्यांना टाइपक्लास म्हणतात. ही कल्पना फिलिप वाडलर आणि स्टीफन ब्लॉट यांनी १९८९ च्या एका निबंधात मांडली. 'नम' या मोठ्या कुळात सर्व संख्या येतात, त्यांना बेरीज, वजाबाकी आणि गुणाकार येतात. 'इंटिग्रल' या कुळात इंट व इंटीजर आहेत, त्यांना 'डिव्ह' आणि 'मॉड' येतात, म्हणजे भागाकार आणि बाकी. 'फ्रॅक्शनल' कुळात डबल व रॅशनल आहेत, तिरक्या रेघेचा भागाकार फक्त त्यांना येतो.

या व्यवस्थेचा फायदा असा की बेरजेचे चिन्ह सर्वांना एकच पुरते. ओकॅमल या दुसऱ्या फंक्शनल भाषेत पूर्णांकांच्या बेरजेला नुसते अधिक चिन्ह आणि दशांश संख्यांच्या बेरजेला अधिक चिन्हापुढे टिंब, अशी दोन चिन्हे आहेत.

म्हणून 'लेंग्थ नावे / २' वर यंत्र म्हणते, "नो इन्स्टन्स फॉर फ्रॅक्शनल इंट". म्हणजे इंट हा फ्रॅक्शनल कुळातला नाही, त्याला ही तिरकी रेघ येत नाही. आता तुम्ही सांगा, तुम्हांला काय हवे आहे? पूर्ण जोड्या किती होतात हे हवे असेल तर 'डिव्ह' वापरा, उत्तर २. नेमके निम्मे हवे असेल तर आधी प्रकार बदला : 'फ्रॉमइंटिग्रल (लेंग्थ नावे) / २', उत्तर २.५. 'फ्रॉमइंटिग्रल' म्हणजे गेज बदलण्याचे स्टेशन.

तुलना करून पाहा. सी भाषेत दोन पूर्णांकांचा ५ / २ केला तर निमूटपणे २ मिळतात. पायथन ३ मध्ये २.५ मिळतात. दोन्ही भाषांनी तुमच्या वतीने निर्णय घेऊन टाकला. हॅस्केल तो निर्णय तुमच्याकडे ठेवते.

५. एका गुणपत्रिकेचा निर्णय

हा निर्णय केवढा असू शकतो ते एका काल्पनिक उदाहरणाने पाहू. समजा एका परीक्षेत उत्तीर्ण होण्यासाठी सरासरी ३३ गुण लागतात. एका मुलाला पाच विषयांत ३०, ३६, २९, ३५ आणि ३४ गुण मिळाले. बेरीज १६४. 'डिव्ह' ने भागले तर सरासरी ३२, मुलगा नापास. प्रकार बदलून भागले तर ३२.८, आणि त्यावर 'राउंड' लावले तर ३३, मुलगा पास. गुण तेच, बेरीज तीच, फक्त फंक्शन बदलले.

याहून बारीक गोष्ट पुढे आहे. दोन विषयांत मिळून ६५ गुण असतील तर सरासरी ३२.५ येते. अर्धा असेल तर वर चढवायचा, असे आपण शाळेत शिकलो, म्हणून उत्तर ३३ अपेक्षित असते. हॅस्केलचे 'राउंड' येथे ३२ देते. बरोबर मध्यावरची संख्या जवळच्या सम संख्येकडे न्यावी असा त्याचा नियम आहे. त्यामुळे ३३.५ चे ३४ होतात, पण ३२.५ चे ३२. हा नियम चुकीचा नाही. सर्व अर्धे वरच चढवले तर मोठ्या हिशोबात बेरीज हळूहळू फुगते, ते टाळण्यासाठी तो आहे. पण निकालपत्रकाचा नियम वेगळा असेल तर तो आपणच लिहिला पाहिजे, उदाहरणार्थ सरासरीत ०.५ मिळवून 'फ्लोअर' लावणे.

सांगायचे ते हे की पास-नापासचा नियम माणसांनी ठरवायचा असतो. प्रोग्राम लिहिणाऱ्याने तो न विचारता हाती लागेल ते फंक्शन वापरले, तर नियम ठरवण्याचे काम नकळत त्याने केले असे होते. यंत्राने "कोणता प्रकार?" असे विचारले की कागदावरचा नियम उघडून पाहावा.

६. डबल : मापाची संख्या, आणि आण्यांचा हिशोब

'०.१ + ०.२' लिहून पाहा. उत्तर येते ०.३००००००००००००००४. ही हॅस्केलची चूक नाही, जवळजवळ सर्व भाषांत हेच दिसते. डबल ही संख्या आतून दोनच्या घातांत साठवली जाते. निम्मे, पाव, अर्धपाव हे तिला नेमके लिहिता येतात, पण एक दशांश येत नाही. आपण १/३ दशांशात लिहायला गेलो की ०.३३३ असे न संपणारे प्रकरण होते, तसेच संगणकाचे १/१० बाबत होते. मग तो जवळची किंमत ठेवतो. अचूकता साधारण १५ ते १६ अंकांपर्यंत असते.

यात एक गंमत आहे. १ एप्रिल १९५७ पासून आपल्या देशात रुपयाचे शंभर नवे पैसे झाले. त्याआधी रुपयाचे सोळा आणे आणि चौसष्ट पैसे होते. एक आणा म्हणजे १/१६ रुपया, ०.०६२५. सोळा हा दोनचा घात असल्यामुळे ही संख्या डबलमध्ये तंतोतंत बसते. सोळा आण्यांची बेरीज बरोबर १.० येते. आजचे दहा पैसे म्हणजे ०.१ रुपया, ते दहा वेळा एकेक करून मिळवले तर उत्तर ०.९९९९९९९९९९९९९९९९. आजोबांचे आणे संगणकाला सोपे गेले असते, आपले पैसे जड जातात!

यावरून नियम घ्या. उंची, तापमान, वेग, अंतर या मापलेल्या गोष्टींसाठी डबल ठीक आहे, कारण मापातच थोडी चूक असते. पैसा मापत नाहीत, मोजतात. म्हणून रक्कम पैशांत लिहून इंटीजरमध्ये ठेवावी. १२ रुपये ५० पैसे म्हणजे १२५०.

७. रॅशनल : पावकी आणि दिडकीचे नातेवाईक

जुन्या मराठी शाळांत मुले पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, औटकी पाठ करत. औट म्हणजे साडेतीन. त्या पाढ्यांत दशांश चिन्ह कुठेच नव्हते. पाव म्हणजे नेमका पाव आणि पाऊण म्हणजे नेमका पाऊण. रॅशनल प्रकार हेच करतो.

त्यासाठी 'डेटा.रेशो' हे मॉड्यूल आधी मागवावे लागते. मग '१ % ३ + १ % ६' लिहिले की उत्तर येते १ % २, म्हणजे निम्मे. येथे हे चिन्ह टक्केवारीचे नसून अंश आणि छेद यांच्यामधल्या रेघेचे आहे. '१ % १० + २ % १०' चे उत्तर नेमके ३ % १०, शेपटीला काही लागलेले नाही. अडचण एकच : मोठ्या हिशोबात अंश-छेद फार वाढतात आणि काम मंदावते. म्हणून जिथे वाटणी तंतोतंत हवी तिथेच तो वापरावा.

८. गेज बदलताना झालेला अपघात

आता कोणी म्हणेल, यंत्राने अडवले की 'फ्रॉमइंटिग्रल' लावायचे, काम झाले. असे करू नका. ४ जून १९९६ रोजी फ्रेंच गयानातील कुरू येथून युरोपीय अवकाश संस्थेचे एरियन ५ हे अग्निबाण पहिल्यांदा उडाले. उड्डाण सुरू होऊन सुमारे ४० सेकंद होतात तोच ते मार्ग सोडून भरकटले आणि आकाशात फुटून नष्ट झाले. त्याबरोबर क्लस्टर मोहिमेचे चार उपग्रहही गेले.

चौकशीत कारण निघाले ते संख्येच्या प्रकाराचे. आडव्या वेगाशी संबंधित एक चौसष्ट बिटांची दशांश संख्या सोळा बिटांच्या पूर्णांकात बदलली जात होती. सोळा बिटांत जास्तीत जास्त ३२७६७ मावतात. हा भाग आधीच्या एरियन ४ मधून घेतलेला होता, आणि त्या अग्निबाणाच्या मार्गावर ही किंमत कधी एवढी वाढत नव्हती. नवे अग्निबाण अधिक वेगाने गेले, संख्या मावेनाशी झाली आणि दिशा सांगणारी यंत्रणाच बंद पडली.

ध्यानात घ्या, तो प्रोग्राम अडा भाषेत होता आणि अडासुद्धा प्रकारांबाबत काटेकोर आहे. बदल सांगूनच केला होता, पण मावेल की नाही हे त्या जागी तपासले नव्हते. हॅस्केलचे 'फ्रॉमइंटिग्रल' ही मोठ्या इंटीजरला इंटमध्ये घालताना गप्पच राहते. २ च्या ६४ व्या घाताचे असे रूपांतर केले तर चक्क शून्य मिळते. भाषा प्रश्न विचारू शकते, उत्तर मात्र आपणच विचार करून द्यायचे असते. लहानातून मोठ्यात जाताना, म्हणजे इंटमधून इंटीजरमध्ये, चिंता नाही. मोठ्यातून लहानात जाताना थांबून पाहावे.

९. स्वाध्याय

(१) उणे ७ ला २ ने 'डिव्ह' आणि 'क्वोट' या दोन्ही फंक्शनांनी भागा. उणे ७ कंसात लिहा. उत्तरे उणे ४ आणि उणे ३ अशी का आली, ते संख्यारेषा काढून समजावा.

(२) पुढील गोष्टींना कोणता प्रकार द्याल? इंदूरचे आजचे तापमान, वाचनालयातील पुस्तके, वडिलोपार्जित शेतातील एका भावाचा हिस्सा, १०० चे फॅक्टोरियल, बँकेतील शिल्लक. प्रत्येकाला एका वाक्यात कारण द्या.

(३) गुणांची इंट यादी घेऊन डबल सरासरी देणारे फंक्शन लिहा. आधी त्याचा प्रकार एका ओळीत लिहा, मग फंक्शन. यादी रिकामी असेल तर काय होईल, तेही पाहा.

(४) १००० रुपये तीन भावंडांत वाटायचे आहेत. रक्कम पैशांत घेऊन 'डिव्हमॉड १००००० ३' करा. प्रत्येकाला ३३३३३ पैसे मिळतात आणि १ पैसा उरतो. हीच वाटणी डबलने करा, मग रॅशनलने करा. तिन्ही उत्तरांपैकी उरलेला पैसा कुठे दिसतो आणि कुठे लपतो, ते वहीत लिहा. तो पैसा कोणाला द्यायचा हे कोणताही प्रकार सांगणार नाही, ते घरातल्या मोठ्यांना विचारा.

उत्तरे लिहिण्यापूर्वी प्रत्येक उदाहरण जीएचसीआयमध्ये चालवून पाहावे. यंत्राने नकार दिला तर त्याची सूचना पुसून टाकू नये. ती वहीत उतरवून खाली आपल्या शब्दांत अर्थ लिहावा. महिनाभर असे केले की त्या सूचना वाचायची सवय होते आणि पुढचे धडे सोपे जातात. शंका असतील त्यांनी वह्या घेऊन संगणक कक्षात यावे, आपण बसून सोडवू.